थ्रॉटल ॲडजस्ट केल्यापासून एमजीबी आयडलला का थरथरते?

तुमचं 'आधी बरी चालत होती, अजून छान करायला गेलो' हे वाक्य वाचून हसू आलं, कारण मीही तेच केलं होतं. तुम्ही लिहिलंय: १९६९ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार), जुळे एसयू एचएस४ कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), दोन्ही थ्रॉटलचे (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेचे) स्क्रू फिरवले आणि आता आयडलला, म्हणजे पेडलवर पाय नसताना, बॉनेट थरथरतं. मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या खाली आणलं की इंजिन बंद. पळताना मात्र तक्रार नाही.

ते शेवटचं महत्त्वाचं. आयडलला थ्रॉटलची डिस्क केसभरच उघडी असते, त्यामुळे पुढच्या-मागच्या कार्ब्युरेटरमधला एवढासा फरकही मोठा ठरतो. पाय दाबला की तो फरक बुडून जातो. म्हणून प्लग आणि गाडीतल्या पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या मागे सध्या लागू नका. टॅपेटची फट (थंड इंजिनला १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश) आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप (साधारण ०.३८ मिमी) नीट आहे ना, एवढं एकदा बघून घ्या, ते चुकलेलं असेल तर कार्ब्युरेटर जन्मभर जुळणार नाहीत.

माझा संशय स्क्रूंवर नाही, दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांड्यावर आहे. या दांड्यावरचे क्लॅम्प घट्ट असताना तुम्ही एक स्क्रू फिरवलात की दुसरा कार्ब्युरेटरही हलतो. म्हणजे तुम्ही पुढचा ॲडजस्ट करताय असं वाटतं आणि बिघडतो मागचा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खा शनिवार आणि रविवारची सकाळ मिक्श्चरचे (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचे) नट फिरवण्यात घालवली. शेवटी कळलं की क्लॅम्प कसताना मागचा थ्रॉटल किंचित उघडाच अडकला होता आणि ३-४ नंबरचे सिलिंडर १-२ ला ओढत होते. पुढचा कार्ब्युरेटर १-२ ला पुरवतो, मागचा ३-४ ला. मधल्या बॅलन्स पाइपमुळे चूक अर्धी झाकली जाते, म्हणून ती पटकन सापडत नाही.

खात्री करायची तर पॉइंटवाल्या गाडीत इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघा. १ किंवा २ ची काढल्यावर इंजिनला फारसा फरकच पडला नाही, तर पुढचा कार्ब्युरेटर आळशी आहे.

आता काम. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा, दांड्याचे क्लॅम्प ढिले करा. थ्रॉटलच्या दांड्याचे आणि चोकच्या दांड्याचेही. फास्ट आयडलचे स्क्रू इतके मागे घ्या की चोक आत असताना कॅमला अजिबात टेकणार नाहीत. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. मग दोन्ही थ्रॉटल स्क्रू मागे घेऊन पुन्हा जेमतेम टेकवा आणि तिथून दोन्ही सारखेच, साधारण एक-दीड फेरा आत.

इंजिन सुरू करून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा. फुसफुस दोन्हीकडे सारखी येईपर्यंत एकेक स्क्रू किंचित फिरवायचा. एअरफ्लो मीटर विकत मिळतो, पण नळी फुकट असते आणि तितकीच खरी बोलते. आयडल ७५०-८०० वर आलं की थांबा.

मिक्श्चर त्यानंतर, आधी कधीच नाही. भारतात पद्मिनी हाताळलेल्या माणसाचा हात आयडल जेट काढून फुंकायला शिवशिवतो, पण एसयूत वेगळा आयडल जेटच नसतो. एकच सुई, एकच जेट, आयडलपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंत. खालचा नट खाली घेतला की रिच (पेट्रोल जास्त), वर घेतला की लीन (पेट्रोल कमी). कार्ब्युरेटरवरच्या लिफ्टिंग पिनने त्यातला पिस्टन जेमतेम मिलीमीटरभर उचला. वेग क्षणभर किंचित वाढून मूळपदावर आला तर बरोबर. वाढून तसाच राहिला तर रिच, पडला किंवा इंजिन बंद झालं तर लीन. एका वेळी नट एकच पैलू (षट्‌कोनाची एक बाजू) फिरवा, दर दोन-तीन मिनिटांनी जरा रेस द्या, नाहीतर प्लग काळे पडून तुम्हाला फसवतील.

मग क्लॅम्प. दांड्यावरच्या दोन्ही पिना आपापल्या बेचक्यात सारख्या ढिल्या हव्यात, म्हणजे पेडल दाबल्यावर दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी हलतील. कसून झाल्यावर नळीने पुन्हा ऐका. आवाज बदलला तर क्लॅम्प कसताना दांडा वळला. सोडा, परत करा.

हे सगळं करूनही एकच कार्ब्युरेटर ऐकत नसेल, तर चालू इंजिनवर त्याच्या थ्रॉटल स्पिंडलच्या (डिस्क फिरते त्या दांडीच्या) टोकांवर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारून बघा, पण तापलेल्या एक्झॉस्टपासून दूर. आयडल बदललं तर स्पिंडल झिजलंय आणि तिथून हवा मारतंय. डिस्क काढून बसवली असेल तर ती मध्यभागी बसली नसण्याचीही शक्यता आहे. आणि डिस्कमध्ये स्प्रिंगवाला छोटा व्हॉल्व्ह दिसला, जो नंतरच्या काही एसयूंमध्ये असतो, तर स्प्रिंग सैल झाल्यावर आयडल खाली येतच नाही. त्याला साधी डिस्क हाच इलाज.

आधी फास्ट आयडलचे स्क्रू बघा आणि लिफ्टिंग पिन उचलल्यावर पुढच्या-मागच्या कार्ब्युरेटरला काय झालं ते लिहा.