कुमार वाचकांचा गट: आधी मुलांना 'नाही आवडलं' म्हणू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कराडहून तुम्ही 13 ते 16 वयाच्या मुलांसाठी कादंबरी काढताय, पहिली आवृत्ती हजार प्रतींची आहे, जाहिरातीला पैसे नाहीत. तर शे-दोनशे मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करून त्यांच्याच तोंडून पुस्तक पसरवता येईल का? मी सांगलीत पुस्तकांच्या दुकानात काम करते आणि शाळकरी वाचकांचा एक गट बरीच वर्षं सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

येईल. पण तुमच्या डोक्यात आधी पुस्तक आणि मग त्यासाठी मुलं असा क्रम आहे, तो उलटा करावा लागेल. एका पुस्तकापुरता जमवलेला ग्रुप प्रकाशनाच्या फोटोंनंतर गप्प होतो. दुसरं पुस्तक काढाल तेव्हा तीच मुलं पुन्हा मिळत नाहीत, कारण आपल्याला कशासाठी बोलावलं होतं हे त्यांनी ओळखलेलं असतं. या वयाची मुलं ते फार लवकर ओळखतात.

शे-दोनशे हा आकडा आत्ता विसरा. बारा-पंधरा मुलं शोधा, आणि ती वेगवेगळ्या शाळांतली, वेगवेगळ्या क्लासमधली असू द्या. एकाच वर्गातली पंधरा मुलं एकमेकांनाच सांगत बसतील. बहुतेक जण शाळेत जाऊन बाईंना विचारतात, "वाचणारी मुलं कोण?" बाई वर्गातले पहिले पाच हुशार विद्यार्थी पुढे करतात. ती मुलं आज्ञाधारकपणे वाचतात, छान शुद्ध अभिप्राय लिहून देतात आणि पुस्तक तिथंच थांबतं. त्यापेक्षा नगर वाचनालयाच्या बालविभागात काम करणाऱ्या ताईंना गाठा. त्यांना विचारा, कुणाची पुस्तकं नेहमी उशिरा परत येतात? त्यातल्या एखाद्या मुलीचं पुस्तक उशिरा येतं कारण मधे ते तीन मैत्रिणींच्या घरी फिरून आलेलं असतं. तुम्हाला हवी आहे ती ही मुलगी. भरपूर वाचणारी मुलं आणि वाचलेलं सांगत सुटणारी मुलं, हे दोन वेगळे स्वभाव आहेत. दोन्ही हवेत, पण सांगणाऱ्यांवाचून गट चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर बहुतेक प्रकाशक अडतात. गटात पुस्तकाला नावं ठेवायची पूर्ण मोकळीक हवी, आणि त्यात तुमचं पुस्तकही आलं. आमच्याकडे तासगावच्या एका मुलाने एका कादंबरीबद्दल व्हॉइस नोट टाकली होती: "पहिली चाळीस पानं जाम बोअर आहेत, सरळ विहिरीच्या प्रकरणापासून सुरू करा, तिथून लई भारी आहे." त्या पुस्तकाच्या प्रकाशकाचा मला फोन आला, ते काढून टाका म्हणून. मी काढलं नाही. त्या आठवड्यात गटातल्या मुलांनी जे पुस्तक एकमेकांकडे मागितलं ते हेच होतं, आणि विहिरीचं प्रकरण वाचून झाल्यावर सोडलेली पहिली चाळीस पानंही त्यांनी वाचली. त्याच गटात "अप्रतिम, सर्वांनी जरूर वाचावे" असे अभिप्राय आलेली पुस्तकंही होती. ती कुणी मागितली नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला ते मोठ्यांनी लिहून घेतलेलं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते तसंच असतं.

म्हणून मुलांकडून अभिप्राय मागवूच नका. प्रश्न विचारा, आणि तेही भांडायला लावणारे. यातलं कोणतं पात्र तुला आपल्या वर्गात चालणार नाही? शेवट तू कसा केला असतास? कोणत्या पानावर पुस्तक बाजूला ठेवावंसं वाटलं? या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं तर लेखकाला दुसऱ्या आवृत्तीसाठी उपयोगी पडतात. कादंबरी छापायला जायच्या आधी पहिली दोन-तीन प्रकरणं आणि मुखपृष्ठाचे दोन पर्याय गटाला दाखवता आले तर फारच चांगलं. एखादी सूचना खरोखर मान्य केलीत, तर ते पुस्तक त्या मुलांचं होतं. मग "हे कव्हर आम्ही निवडलंय" असं ती स्वतःहून दहा जणांना सांगतात. फक्त मत विचारून काहीच बदलायचं नसेल तर विचारू नका.

दुसरी गोष्ट, मुलांना स्वतःचं लिहायला जागा द्या. अमेरिकेत किशोरवयीन वाचकांसाठी असे प्रयत्न पूर्वीच झालेत. हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशन संस्थेने 2009 मध्ये 'इंकपॉप' ही वेबसाइट सुरू केली, 2010 मध्ये 'फिगमेंट' ही तशीच दुसरी वेबसाइट आली. दोन्हीकडे मुलं यायची ती मुख्यतः स्वतःच्या कथा टाकायला आणि दुसऱ्यांच्या वाचायला; प्रकाशकांची पुस्तकं त्या गजबजाटात पसरायची. 2012 मध्ये इंकपॉप फिगमेंटमध्ये मिसळलं आणि 2013 मध्ये फिगमेंट रँडम हाउस या प्रकाशन संस्थेने विकत घेतलं. आज दोन्ही नावं चालू नाहीत. यातून मी दोन गोष्टी घेते. मुलं टिकतात ती स्वतःला काहीतरी करायला मिळतं तिथं. आणि गटाचा गाडा प्रकाशकाच्या विक्री विभागाला जोडला, की कंपनीचा निर्णय बदलल्या दिवशी तो थांबतो. म्हणून गट तुमच्या प्रकाशनाच्या नावाने काढू नका. वाचनालय, एखादी शाळा, एखादं दुकान अशा तिघा-चौघांनी मिळून चालवा आणि इतर प्रकाशकांची पुस्तकंही तितक्याच मनापासून फिरवा. नवं पुस्तक हाताशी नसेल तेव्हा बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. त्यातली एक कथा दर रविवारी दिली तरी गप्पा चालू राहतात.

व्हॉट्सअॅपच का, तर टिकटॉक आपल्याकडे जून 2020 मध्ये बंद झालं आणि आमच्या गटातल्या बऱ्याच मुलांकडे स्वतःचा फोन नाही. आईचा फोन रात्री आठनंतर तासभर मिळतो. त्या तासात जे होईल ते होईल, दुपारी पोस्ट टाकून उपयोग नसतो. देवनागरी टाइप करायला मुलांना वेळ लागतो, म्हणून ती मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात किंवा बोलून पाठवतात. त्यावरून अजिबात टोकू नका. शुद्धलेखन सुधारणारा एक मोठा माणूस गटात असला की दहा मुलं बोलायची थांबतात. व्हॉइस नोट मात्र उत्तम. मुलगी जशी बोलते तसं पुस्तकाबद्दल ऐकू येतं, आणि आई ती नोट ऐकत असते हेही विसरू नका. कारण हवं असतं मुलांना, पैसे देतात पालक. दुकानात मी रोज ऐकते, "हे अभ्यासाला उपयोगी पडेल का?" तिथं मुलाने आधीच घरी चार वेळा मागितलेलं असेल तरच पुस्तक घेतलं जातं. सातारा-सांगलीकडचं पुस्तकाचं बोलणं म्हणजे शेवटी घरातला हट्ट असतो, आणि तुमचा गट चालतो तो त्या हट्टावर.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत अजिबात ढिलाई नको. व्हॉट्सअॅप वापरायलाच किमान वय 13 आहे. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, म्हणून मुलींचे पालक बिचकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे बहुतेक नंबर पालकांचेच आहेत. ओळख पटल्याशिवाय कुणाला घेत नाही, लिंक उघड्यावर टाकत नाही, आणि कोणत्याही मोठ्या माणसाने कोणत्याही मुलाला खासगी मेसेज करायचा नाही हा नियम लेखकांनाही लागू आहे. पुढेमागे मोठ्या संख्येने फक्त माहिती द्यायची असेल तर चॅनल काढा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण 'बालक' आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तुम्ही छोटे आहात म्हणून वाट बघू नका. पालकांच्या सहीचा साधा छापील अर्ज पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि नाव, इयत्ता, पालकांचा नंबर यापलीकडे काही मागू नका.

फुकट प्रतींबद्दल लोक विचारतात. द्या, पण मुलाने गटाबाहेर रील केलं किंवा कुठे लिहिलं, तर "हे पुस्तक प्रकाशकांनी दिलंय" हे त्यात असलंच पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं तसं सांगतात. आणि कायदा नसता तरी मुलांना हे याच वयात कळायला हवं, असं मला वाटतं. चांगलं बोललास तर पुढचं पुस्तक फुकट, हा व्यवहार मात्र कधीही करू नका. ज्या मुलाने तुमचं पुस्तक नापसंत केलं त्यालाही पुढची प्रत आठवणीने पाठवा. ते बाकीची मुलं बघत असतात.

यानंतरची अडचण ऑनलाइन नसते. विट्यातल्या मुलाला पुस्तक हवंसं वाटलं आणि ते विट्यात मिळतच नसेल, तर ते बोलणं आठवड्याभरात विरून जातं. प्रकाशनाच्या आधीच ठरवा: कराड, सातारा, सांगली, मिरज इथं एकेका दुकानात प्रती आहेत, आणि गटातली मुलं ज्या वाचनालयात जातात तिथं प्रत्येकी दोन प्रती भेट दिल्यात. वाचनालयातली प्रत विक्री खाते असं समजू नका. या वयात मुलं आवडलेलं पुस्तक वाचून झाल्यावरही स्वतःचं हवं म्हणून मागतात, आणि वाढदिवसाला नाहीतर दिवाळीला ते घेतलं जातं. लांबच्या गावांसाठी पोस्टाची 1 मे 2025 पासून सुरू झालेली 'ज्ञान पोस्ट' सेवा बघा. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर, असा दर तेव्हा जाहीर झाला होता. तुमची कादंबरी या वजनात बसवता येईल का याचा कागद निवडतानाच विचार करा, आणि ती या सेवेत चालते का हे पोस्टात विचारून घ्या.

महिन्यातून एकदा तरी मुलांना प्रत्यक्ष भेटवा. आम्ही सांगलीत आमराईत जमतो, तुम्हाला कराडात प्रीतिसंगम आहेच. भाषणं नकोत, पाहुणे नकोत, हार तर नकोच. लेखकाला बोलावलंत तरी त्यांना खाली, मुलांमध्ये बसवा. वर्षातून एकदा भिलारला न्या. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर असल्यामुळे पालकही सहलीसाठी तयार होतात. भेटीनंतर ग्रुपवर जो उत्साह येतो तो कोणत्याही पोस्टने येत नाही. नवी मुलं याच वेळी घ्या, जुन्या मुलांनी आपल्याबरोबर आणलेली. अशी वाढ सावकाश होते, पण मुलं टिकतात.

वेळापत्रक शाळेचं पाळा. जानेवारीपासून दहावीची मुलं जवळजवळ नसतातच. जूनमध्ये सगळे वह्या-पुस्तकांच्या खरेदीत असतात, तेव्हा पालकांच्या खिशाला हात घालू नका. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, शाळा काहीतरी शोधतच असतात, आणि लगेच पुढे दिवाळीची सुट्टी येते. तुमच्या पुस्तकाला मला तोच काळ योग्य वाटतो. म्हणजे गट जून-जुलैपर्यंत उभा राहायला हवा आणि पहिली प्रकरणं गणपतीच्या सुमारास मुलांच्या हातात.

हजार प्रती एका गटाच्या जिवावर संपणार नाहीत, तशी अपेक्षा धरू नका. पण ज्यांच्या घरी प्रत जाईल त्यातली बरीचशी खरोखर वाचली जाईल, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

पहिली तीन प्रकरणं तयार असतील तर मला निरोप करा, मी आमच्या गटात देते. मुलं जे बोलतील ते एक शब्दही न गाळता तुम्हाला कळवेन, आणि लेखकांनाही ते तसंच दाखवा.