'गिफ्ट': भेट, विष आणि लग्न

प्रश्न असा आला आहे: जर्मनीत शिकणाऱ्या भाचीने एका डब्याचा फोटो पाठवला. कवटीचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'गिफ्ट'. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. मग इंग्रजीतला भेटवस्तूचा 'गिफ्ट' वेगळा शब्द आहे, की तोच?

तोच आहे. दोन्ही 'देणे' या क्रियापदातून आले: इंग्रजीत 'गिव्ह', जर्मनमध्ये 'गेबेन'. 'ड्राइव्ह'वरून 'ड्रिफ्ट' झालं, तसंच 'गिव्ह'वरून 'गिफ्ट'. जुन्या जर्मनमध्येही या शब्दाचा साधा अर्थ 'देणं' असाच होता.

मग विष कुठून आलं? वैद्यांच्या भाषेतून. ग्रीकमध्ये औषधाच्या मात्रेला 'दोसिस' म्हणत, म्हणजे शब्दशः 'देणं'. हा शब्द लॅटिनमार्गे युरोपभर गेला आणि जर्मनांनी त्याचं सरळ भाषांतर 'गिफ्ट' असं केलं. पुढे 'दिलेली मात्रा' म्हणजे जीव घेणारी मात्रा, असा अर्थ रूढ झाला आणि 'भेट' हा अर्थ मागे पडला. विषाचं नाव थेट न घेण्याची ही रीत आपल्याला अजिबात परकी नाही. आपण दुकानात उंदराचं औषध मागतो, ढेकणाचं औषध मागतो. ते उंदराला बरं करायला नसतं. आणि गावात कुणी दबक्या आवाजात 'त्यानं औषध घेतलं' असं सांगितलं, तर ऐकणारा 'कसलं औषध?' असं विचारत नाही.

खरी गंमत उत्तरेला आहे. स्वीडिशमध्ये 'गिफ्ट' (उच्चार साधारण 'यिफ्त') म्हणजे विष, आणि 'विवाहित'सुद्धा! डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही तेच. यावरून तिकडे विनोद होतात, पण अर्थ अगदी सरळ आहे: मुलगी 'दिली', म्हणजे तिचं लग्न झालं. 'धाकटीला कुठं दिलीय?' 'साताऱ्याला.' या संवादात लग्न हा शब्दच नाही, तरी मराठी माणसाला सगळं कळतं. स्वीडिशमध्ये त्याच 'देण्या'चं विशेषण होऊन बसलं, आणि आता ते नवऱ्यालाही लागतं.

जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा संबंध लग्नाशीच होता. वधूसाठी मोजलेली रक्कम, म्हणजे आपल्याकडचं देज, हा तिथे त्याचा अर्थ. तेव्हा उच्चारही 'यिफ्ट'सारखा होता. आजचा ठसठशीत 'ग' आला तो इंग्लंडमध्ये वसलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या बोलीच्या प्रभावाने. जर्मनमध्ये जुना अर्थ एका कोपऱ्यात टिकून आहे: 'मिटगिफ्ट', म्हणजे 'सोबत दिलेलं'. याला मला मराठीत 'आंदण' हाच शब्द सुचतो. डच लोकांनी मात्र वाटणी करून टाकली: 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि 'गिफ' म्हणजे विष.

पण प्रत्येक जुळ्यावर असा विश्वास टाकू नका. जर्मन 'हेल' म्हणजे उजळ. इंग्रजी 'हेल' म्हणजे नरक. यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. जर्मन शब्द मुळात आवाजाचा: खणखणीत, आणि त्यावरून लख्ख. इंग्रजी शब्द 'झाकणे, लपवणे' या अर्थाच्या धातूचा. त्याचं खरं जर्मन भावंड नरकवाचक 'ह्योले' आहे.

आता पुन्हा त्या ग्रीक 'दोसिस'कडे. त्याचा धातू आणि संस्कृत 'दा' धातू एकाच मूळचे, आणि आपलं 'देणे' आलं ते या 'दा'पासून. म्हणजे खोकल्याच्या औषधाचा 'डोस' आणि कन्यादानातलं 'दान' हे एकाच घरातले शब्द आहेत. इंग्रजीतून आला म्हणून आपण 'डोस'ला पाहुणा समजतो, एवढंच.