श्रीनगरच्या क्वार्टरमधला पहिला हिवाळा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

बर्फ पडायला लागल्यापासून तू दार लावून बसलीयस, असं तुझ्या आईकडून कळलं. दिवसभर हीटर, दोन रजया आणि मोबाईल. पोराला खिडकीतून बर्फ दाखवायचा आणि ‘सर्दी होईल’ म्हणून लगेच आत ओढायचं. अशानं तुम्ही दोघं मार्चपर्यंत नक्की आजारी पडाल, आणि तेही थंडीनं नाही, कोंडून घेतल्यानं. फोनवर सांगितलं तर तू ‘हो काकू, हो काकू’ म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहायलाच बसले.

आपल्या कोरेगाव-खटावकडं घरटी एक फौजी. पण बायका गावात. माझ्या सासूबाईंचा सगळा संसार मनीऑर्डर, अंतर्देशीय पत्र आणि वर्षाकाठच्या सुट्टीवर झाला. मामंजींनी बर्फातून पाठवलेला एक काळा-पांढरा फोटो होता, तेवढाच काय तो त्यांचा बर्फ. तुला क्वार्टर मिळालाय. ड्यूटीचे दिवस सोडले तर जावईबापू रात्री घरी जेवायला असतात. पुढची पोस्टिंग कुठं आणि तिथं फॅमिली नेता येईल का, हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा आधी त्या काळ्या ट्रंका उघड. पडदे लाव, भिंतीला खिळा ठोक. ‘दोन वर्षांसाठी कशाला’ म्हणणाऱ्या बायका मी प्रत्येक छावणीत पाहिल्यात, त्यांची घरं शेवटपर्यंत रेल्वेच्या वेटिंग रूमसारखी राहिली.

आता थंडीचं. तिथले लोक हिवाळा मोजूनमापून घेतात. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ बसतो, तो चाळीस दिवसांचा. मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. सगळ्यात कडक ते पहिले चाळीस. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला उलटी वाटते. बर्फ पडत असतो तेव्हा गारठा त्यामानानं कमी असतो, कारण ढगांचं पांघरूण असतं. आभाळ निवळलं, चांदण्या दिसायला लागल्या, की त्या रात्री पारा खरा उतरतो. २०२१ च्या जानेवारीअखेर श्रीनगरात उणे ८.८ झालं होतं. डल तलाव इतका गोठला की त्यावर चालू नका म्हणून प्रशासनाला सांगावं लागलं. म्हणून रात्री झोपायच्या आधी दारात उभं राहून वर बघायची सवय लाव. चांदणं असलं तर त्या रात्री नळाची काळजी घ्यायची.

नळाचं सांगते, कारण तिथल्या बायकांच्या निम्म्या कटकटी नळाच्या असतात. एक नळ अगदी बारीक धारेनं चालू ठेवायचा, वाहतं पाणी सहसा गोठत नाही. बाहेरच्या पाइपला गोणपाट गुंडाळायचं. रात्रीच दोन बादल्या आणि एक पातेलं भरून स्वयंपाकघरात ठेवायचं. एवढं करूनही सकाळी नळ कोरडा निघाला तर पाइपखाली कागद पेटवू नकोस. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून वाट बघ, आणि तेही नळाच्या बाजूनं मागं मागं जात. पाइप फुटला तर एमईएसकडं, म्हणजे क्वार्टरांची डागडुजी बघणाऱ्या लष्करी खात्याकडं, तक्रार लिहून ये, पण त्या दिवसांत त्यांच्याकडं अशा तक्रारींची रांग असते हेही लक्षात ठेव.

दुसरी गोष्ट बुखारीची, म्हणजे खोली उबदार ठेवणाऱ्या धुराड्याच्या शेगडीची. ह्यात मात्र ‘चालतंय की’ अजिबात नको. लाकडाची असो वा रॉकेलची, ती पेटलेली असताना खिडकी बोटभर उघडी हवीच. फट बुजवायला चिंध्या कोंबणारी माणसं मी पाहिलीत. त्या धुराच्या विषारी वायूला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. दरवर्षी काश्मीरात अशी एखादी तरी बातमी येतेच. झोपताना बुखारी विझवायची, पेटत्या बुखारीत रॉकेल ओतायचं नाही, आणि धुराडं महिन्यातून एकदा साफ करून घ्यायचं. कांगडी हवीशी वाटेल, काड्यांनी विणलेल्या टोपलीत मातीचं भांडं आणि त्यात निखारे, दिसते फार गोड. पण फिरनच्या, म्हणजे तिथल्या ढगळ झग्याच्या, आत कांगडी धरून चालायला जन्म तिथं जावा लागतो. तू ती खाटेवर, रजईत घेऊ नकोस. पोराच्या हाताला तर लागूच देऊ नकोस.

स्वयंपाकाचं फार सांगत नाही, तू शिकशील. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे, पाणी तिथं ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. दह्याचं विरजण कोमट दुधात लावून डबा शालीत गुंडाळून बुखारीच्या खोलीत ठेवायचा. भाज्या महागल्या की रडू नकोस. शेजारच्या काश्मिरी बाया काय करतात ते विचार. उन्हाळ्यात दुधी, वांगी, टोमॅटो कापून, दोऱ्यात ओवून वाळवतात आणि हिवाळाभर खातात. त्याला त्या ‘होख स्यून’ म्हणतात. वाळवणं घालणाऱ्या घरातली पोर तू, तुला ते पटकन जमेल. वाळलेल्या वांग्यात आपला काळा मसाला घालून बघ.

आता बाहेर पड. सकाळी दहानंतर, ऊन आल्यावर. ताज्या बर्फात पाय रुततो, तिथं भीती नाही. भीती असते दुसऱ्या दिवशीच्या बर्फाची. तुडवलेला, रात्री गोठलेला आणि काचेसारखा झालेला. गमबूट घाल, पाऊल छोटं टाक, सपाट टाक, हात खिशात घालू नकोस. आणि उतरत्या पत्र्याच्या छपराखालून जाऊ नकोस, पोरांना तिथं खेळू देऊ नकोस. ऊन तापलं की अख्ख्या छपराचा बर्फ एकदम खाली येतो. आवाज ऐकून वर बघेपर्यंत तो अंगावर असतो.

पोराला गाजराच्या नाकाचा बाहुला सगळेच करून देतात. तू त्याला किल्ला करून दे. दिवाळीत गावाकडं चिखलमातीचा केलेला त्याला आठवत असेलच. श्रीनगरचा बर्फ बहुतेकदा ओलसर असतो, मुठीत दाबला की गोळा होतो. बादलीत ठासून भरायचा, उपडी करायची, झाला बुरूज. तटाला वाटीनं कंगोरे पाडायचे. वर चढायच्या पायऱ्या चमच्यानं कोरायच्या, आणि तेवढ्यासाठी हातमोजे काढायचा मोह होईल, तो आवरायचा. संध्याकाळी वरून लोटाभर पाणी शिंपडलं की सकाळी तटबंदी दगडासारखी. मावळे गावाहून आणले नसतील तर बटाट्यांना काड्या टोचून उभे कर. आमच्या क्वार्टरांच्या लाइनमध्ये असा किल्ला झाला तेव्हा एका गढवाली हवालदाराचा पोरगा गोणीवर बसून त्याच्या उतारावरून घसरायला लागला, मग सगळी लाइन जमली. महाराजांच्या गडाची घसरगुंडी झाली म्हणून आमचे हे आधी कावले आणि मग स्वतःच गोणी मागायला गेले.

तासाभरानं मात्र आत. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे. बोटं लाल आहेत तोवर ठीक. पांढरी पडली, बधिर झाली, तर चोळायची नाहीत आणि बुखारीला लावायची नाहीत. काखेत धरायची, नाहीतर कोमट पाण्यात. तरी रंग आला नाही तर थेट एमआय रूम, म्हणजे छावणीतला दवाखाना.

मोबाईलबद्दल दोनच वाक्यं. किल्ल्याचे फोटो खुशाल काढ, पण मागं गेट, गाड्या, यूनिटचा बोर्ड येऊ देऊ नकोस, आणि गाड्यांचा कॉन्व्हॉय कधी निघणार, हे कुठं गेलेत, असलं काही स्टेटसला टाकू नकोस. बाजाराला जायचं तर परवानगीनं आणि सांगतील त्या वेळेत. ह्यावर रुसायचं नसतं.

काश्मीरातल्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, त्यामुळं सगळ्या लाइनमधल्या बायका पोरांनी पिडलेल्या असतात. त्याचा फायदा घे. १३ जानेवारीला पंजाबी बाया लोहडी पेटवतील, तिकडं जा. लगेच संक्रांत, ती तुझी. काळी साडी नेस, खाली थर्मल असलं तरी कुणाला दिसत नाही. हळदीकुंकवाला मराठी बायकाच शोधत बसू नकोस. मणिपूरची, केरळची, जी दार उघडेल तिला बोलाव. पोराचं बोरन्हाण राहिलंय ना? बोरं तिथं मिळायची नाहीत. चुरमुरे, चॉकलेटं आणि फोडलेल्या अक्रोडाचे मगज घेऊन उरकून टाक. अक्रोड सबंध वापरू नकोस, डोक्यात लागतो. दूधवाल्याच्या घरच्या बाईलाही तीळगूळ पाठव. ती बहुधा त्याच डब्यातून नून चहाबरोबर खायची कांदुरकडची, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याकडची, रोटी पाठवेल. तो चहा गुलाबी आणि खारट असतो. पहिल्या घोटाला तोंड वाकडं करू नकोस, समोर बसलेली बाई तुझ्या तोंडाकडंच बघत असते. मला तो शेवटपर्यंत आवडला नाही, पण प्यायले.

तुझ्या सासूबाईंना बोलाव. पूर्वी बनिहालकडं रस्ता बंद झाला की दिवसचे दिवस माणूस जम्मूला अडकायचा. आता जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे आहे, चिनाबवरच्या त्या ३५९ मीटर उंच पुलावरून. वाटेत गाडी बदलावी लागते, तेव्हा सोबतीला दीर असू दे. सासूबाईंच्या गुडघ्यांचं म्हणशील तर लोकरीची पट्टी मी देते. जावईबापूंना सांगून छावणीत यायच्या पासाचं मात्र आधी बघ.

परवा टपालात घालायला पार्सल बांधतेय. हलव्याचे दागिने केलेत, काळा मसाला, तीळ, चिक्कीचा गूळ आणि बाजरीचं पीठ आहे. बाजरीचं फार ठेवत नाही, कडू होतं. पत्ता ५६ एपीओचा, लष्करी टपालाचा, तोच आहे ना, पिनसकट परत लिहून पाठव. पोराच्या पावलाचं माप कागदावर पेन्सिलीनं काढून फोटो टाक, गेल्या वर्षीच्या मापावर मोजे घातले तर टाचेला फाटतील.

तुझी,
काकू