‘सहपत्र’ नको, अर्जच म्हणा

प्रश्न असा आहे: नोकरीसाठी कव्हर लेटर मराठीत लिहायचंय. त्याला ‘सहपत्र’ म्हणावं का? आणि सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशीच करायची का?

‘सहपत्र’ नको. सरकारी पत्राच्या तळाशी ‘सहपत्रे : २’ असं असतं, ते सोबत जोडलेल्या कागदांसाठी. म्हणजे सहपत्र झालाच तर तुमचा बायोडेटा होईल. ‘आवरणपत्र’ हा शब्द तर वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल. आपल्याकडे या पत्राला अर्जच म्हणतात; विषयाच्या ओळीत ‘अमुक पदासाठी अर्ज’ लिहिलं की झालं. बोलताना खुशाल कव्हर लेटर म्हणा, कोणी अडवत नाही.

आता ‘उपरोक्त’. काटेकोरपणे उपरि + उक्त मिळून ‘उपर्युक्त’ होतं. ‘उपरोक्त’ वापराने रुळलंय. पण माझी हरकत व्याकरणाची नाहीच. विषय एक ओळ वरच लिहिलाय, मग पहिलं वाक्य पुन्हा त्यातच का घालवायचं? त्यामागोमाग ठरलेलं येतं: ‘आपल्या संस्थेत पद रिक्त असल्याचे समजते. तरी सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती.’ त्यांची जाहिरात त्यांनाच वाचून दाखवली आणि हात जोडले. अर्जदार कोण, याचा अजून पत्ता नाही.

समजा, प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक हवाय. असं लिहून पाहा: ‘गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाची २४० पाने मी दोनदा तपासली. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. ती हेरण्याचा मला सराव आहे.’ यात मेहनती, प्रामाणिक, होतकरू असं एकही विशेषण नाही आणि त्यावाचून काही अडलेलंही नाही. (‘होतकरू’ तर दुसऱ्याने आपल्याबद्दल म्हणायचा शब्द. स्वतःच स्वतःला होतकरू कसं म्हणणार?) एवढं झाल्यावर शेवटी विनंतीचं एक वाक्य जरूर असू द्या.

किरकोळ गोष्टी: ‘प्रति,’ लिहिलं की खाली ‘यांस’ नको, दोन्हींचं काम एकच. समारोपाला ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’ चांगलं. ‘आपला आज्ञाधारक’ शाळेच्या रजेच्या अर्जापुरतं ठीक, आणि ‘कृपाभिलाषी’ निमंत्रणपत्रिकेत शोभतं. ईमेल असेल तर ‘स्थळ’ आणि ‘दिनांक’ गाळले तरी चालतील; मोबाइल नंबर मात्र नावाखाली हवाच.