पेशीविज्ञानातील संशोधकाचे काम कशावरून जोखावे?

प्रश्न : माझी थोरली मुलगी धारवाडला एम.एस्सी. करून गेली चार वर्षे बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पेशीविज्ञानात पीएच.डी. करीत आहे. आजवर तिचे दोनच शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून एकात तिचे नाव पहिले, तर दुसऱ्यात चौथे आहे. बेळगावात प्राध्यापक असलेल्या तिच्या मामांनी ‘हिचा एच-इंडेक्स अवघा दोन आहे’ असे सांगितल्यापासून घरात काळजीचे वातावरण आहे. हा आकडा काय असतो आणि त्यावरून तिचे काम हलके समजावे काय?
– एक शेतकरी वाचक, निपाणी तालुका

उत्तर : ज्याचे दोनच निबंध प्रसिद्ध झाले आहेत, त्याचा एच-इंडेक्स दोनाच्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे आपल्या मुलीचा आकडा आज जेवढा असू शकतो तेवढा पुरेपूर आहे. मामांच्या लक्षात एवढे यायला हवे होते.

ही मोजणी जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवली. समजा, एखाद्याचे सहा निबंध आहेत आणि इतर संशोधकांनी आपापल्या लेखनात त्यांचा अनुक्रमे 40, 9, 5, 4, 2 आणि 0 वेळा संदर्भ दिला आहे. यातील चार निबंधांना प्रत्येकी किमान चार संदर्भ मिळाले, पण पाच निबंधांना प्रत्येकी पाच मिळाले नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स चार. पहिल्या निबंधाला 40 ऐवजी 4000 संदर्भ मिळाले असते तरी उत्तर चारच आले असते. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधीच घटत नाही आणि विषयागणिक त्याचे मान बदलते. मामा कोणता विषय शिकवतात हे आपण कळवलेले नाही, पण गणितज्ञाचा आकडा पेशीवैज्ञानिकाच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नसतो.

जपानचे योशिनोरी ओसुमी यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. 1945 साली जन्मलेल्या ओसुमींना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली ती 1988 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत रिक्तिका नावाची एक पिशवी असते. तिच्याकडे त्या काळी फार कोणी लक्ष देत नव्हते आणि ओसुमींनी नेमकी तीच निवडली. उपासमार झाली की पेशी स्वतःचेच जुने भाग मोडीत काढून त्यांतून नवा माल तयार करते, असा कयास होता; बेल्जियमचे क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी 1963 मध्ये या क्रियेला ‘ऑटोफॅजी’ हे नावही दिले होते. मात्र ती चालते कशी, हे कळत नव्हते. ओसुमींनी रिक्तिकेत पचन करणारी विकरे नसलेले यीस्ट घेतले आणि त्याचा नायट्रोजन तोडला. मोडीत निघालेला माल पचेना, म्हणून काही तासांतच रिक्तिका बारीक पुटिकांनी भरून गेली आणि हे सारे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पुढे हजारो उत्परिवर्तित यीस्ट तपासून त्यांनी या क्रियेला आवश्यक अशी 15 जनुके हुडकली. तो निबंध 1993 साली ‘फेब्स लेटर्स’ या, फारसा दबदबा नसलेल्या नियतकालिकात आला.

त्या वेळी या विषयावर वर्षाला मोजकेच निबंध निघत; संदर्भ देणारेच थोडे, तर संदर्भ मिळणार कोठून? मग तीच जनुके माणसातही सापडू लागली. 1999 मध्ये अमेरिकेत बेथ लेव्हिन यांच्या गटाने त्यांपैकी एकाच्या मानवी प्रतिरूपाचा स्तनांच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला आणि आता या विषयावर दरवर्षी हजारो निबंध प्रसिद्ध होतात. 2016 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले. 1994 साली कोणी त्यांचे संदर्भ मोजायला बसला असता, तर त्याला यातले काहीच दिसले नसते.

संस्था आणि निवड समित्या आकडे पाहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. निदान या आकड्यांवरच विसंबू नये, असा आग्रह पेशीवैज्ञानिकांच्याच मेळाव्यातून पुढे आला. अमेरिकन पेशीविज्ञान संस्थेच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को अधिवेशनात एक जाहीरनामा आखला गेला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून एकेका संशोधकाची किंमत करू नये, ही त्यातील मुख्य मागणी होती. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांना एका वर्षात मिळालेल्या संदर्भांची सरासरी. तो नियतकालिकाविषयी बोलतो, आपल्या मुलीच्या निबंधाविषयी नव्हे.

राहिला नावांच्या क्रमाचा प्रश्न. पेशीविज्ञानात बहुतेक प्रयोग ज्याने केले त्याचे नाव सामान्यतः पहिले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे असते; मधल्या नावांच्या लोकांनी एखादा प्रयोग, एखादे तंत्र किंवा एखादी आकृती पुरवलेली असते. तेव्हा ज्या निबंधात तिचे नाव पहिले आहे तो प्रामुख्याने तिच्या हातचा आहे, असे आपण मामांना सांगू शकता. मुलगी सुट्टीला घरी येईल तेव्हा तिला आकडा विचारू नका. तो निबंध तिला समोर ठेवायला सांगा आणि त्यातील कोणती आकृती मिळवायला सर्वांत जास्त महिने लागले, ते विचारा.