पैसे देऊन घेतलेल्या वस्तूत कंपनी नंतर अपडेट पाठवून बदल करू शकते का?

प्रश्न असा आहे की दीड वर्षापूर्वी स्मार्ट टीव्ही घेतला, मागच्या महिन्यात रात्री आपोआप अपडेट झाला आणि सकाळी बघतो तर पहिल्याच स्क्रीनवर जाहिराती, आणि ज्या ऍपसाठी टीव्ही घेतला होता ते ऍपच गायब. कस्टमर केअर म्हणतं की अटींमध्ये लिहिलेलं आहे, तुम्ही ऍक्सेप्ट केलंय. तर हे कायद्याने चालतं का आणि आपण काय करायचं.

मी वकील नाही. कराडला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण अगदी हेच माझ्या प्रिंटरच्या बाबतीत झालंय आणि त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो.

माझं मत आधीच सांगतो. विकलं म्हणजे विकलं. बैल विकला की दावं घेणाऱ्याच्या हातात देतात, नंतर विकणारा रात्री गोठ्यात येऊन बैलाच्या पायाला दोरी बांधून जात नाही. टीव्ही, प्रिंटर, फोन, ट्रॅक्टर काहीही असो, पैसे दिले त्या दिवशी वस्तू जे जे करत होती ते माझ्या परवानगीशिवाय काढून घ्यायचा हक्क कंपनीला नाही. आणि परवानगी म्हणजे चाळीस पानी इंग्रजीच्या खालचं बटण नव्हे, ते बटण दाबल्याशिवाय वस्तू चालूच होत नसेल तर त्याला परवानगी कसं म्हणायचं.

आता माझ्याकडे काय झालं ते. जून महिना, सोमवार, म्हणजे ऍडमिशनची गर्दी आणि वर पीककर्जासाठी सातबारा काढायला आलेले लोक. सकाळी शटर उघडलं, लेझर प्रिंटर चालू केला, पहिलं पान दिलं तर आलंच नाही. छोट्या स्क्रीनवर मेसेज, की हे कार्ट्रिज (शाईच्या पावडरीचा डबा) ओरिजिनल नाही, प्रिंटिंग थांबवलं आहे. आदल्या शनिवारी रात्रीपर्यंत त्याच कार्ट्रिजवर मी पाचशेच्या वर पानं काढली होती. कार्ट्रिज कंपनीचंच, प्रिंटरबरोबर आलेलं, फक्त आत पावडर नवीन. आमच्याकडे रिफिलवाले काका आहेत, ते येऊन जमिनीवर पेपर अंथरतात, कार्ट्रिज उघडतात, जुनी पावडर झटकतात, ब्लेड पुसतात, ड्रमवर ओरखडा आहे का ते उजेडात धरून बघतात, मग नवीन पावडर भरून चिप बदलतात. तीनशे रुपये. कंपनीचं नवीन कार्ट्रिज साडेचार हजारांच्या पुढे. झेरॉक्सच्या धंद्यात एका पानामागे किती सुटतात ते ज्याला माहीत आहे त्याला यातला फरक समजावून सांगायला नको.

त्या दिवशी काउंटरपुढे एक म्हातारी आजी उभ्या होत्या, लांबच्या वाडीवरून आलेल्या. सातबारा डिजिटल सहीचा डाऊनलोड होऊन स्क्रीनवर दिसत होता, फक्त कागदावर येत नव्हता. त्या म्हणाल्या, "बाळा, दुपारची येष्टी गेली तर मला हितंच मुक्काम पडंल." मी पेन ड्राइव्ह घेऊन समोरच्या दुकानात पळत गेलो आणि काढून आणून दिला. प्रिंटर माझा, बिल माझ्या नावाचं, लाइटबिल मी भरतो, आणि तो चालायचा की नाही हे ठरवणारा माणूस कुठे बसलाय ते मला माहीतसुद्धा नाही, हे त्या दिवशी जे लागलं ते अजून गेलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तुम्हाला मिळालं तसलंच उत्तर, की सर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालंय, सिक्युरिटीसाठी आहे, ओरिजिनल कार्ट्रिज टाका. मी विचारलं, शनिवारी चालत होतं मग सोमवारी कुणाची सिक्युरिटी धोक्यात आली? त्या मुलाकडे उत्तर नव्हतं, त्याचा दोषही नाही, तो पगारी माणूस. नंतर मी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, लेखी मेल केले, पंधरा-वीस दिवसांनी कंपनीकडून फोन आला आणि दोन कार्ट्रिज फुकट द्यायला तयार झाले. सीझन होता, घेतली. पण जुनं फर्मवेअर परत टाकून द्या म्हटलं तर ते नाही म्हणाले, आणि मी तिथे सोडून दिलं हे माझं चुकलं असं मला आज वाटतं, कारण प्रश्न दोन कार्ट्रिजचा नव्हताच.

आता यातली दुसरी बाजू पण खरी आहे आणि ती सांगायला हवी. अपडेट म्हणजे वाईटच असं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडमधली सरकारी हॉस्पिटलं अडकून पडली, आणि त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. म्हणून कुणी सांगितलं की सगळे अपडेट कायमचे बंद करून टाका तर ऐकू नका, निदान फोन आणि कॉम्प्युटरचे तरी नाही. माझी तक्रार ही आहे की कंपन्या औषध आणि स्वतःचा फायदा एकाच पुडीत बांधून देतात. पुडी घेतली तर जाहिराती आल्या, नाही घेतली तर व्हायरसची भीती. सिक्युरिटीचा अपडेट वेगळा द्या आणि बाकीचे बदल वेगळे द्या, ते हवेत की नकोत ते मी ठरवतो. एवढं साधं आहे.

आणि न सांगता करणं हे सगळ्यात वाईट. ऍपलचं प्रकरण आठवत असेल, डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले काही आयफोन अपडेटमधून मुद्दाम स्लो केले जात होते. कारण त्यांनी दिलं ते तांत्रिकदृष्ट्या खोटं नव्हतं, थकलेल्या बॅटरीवर जोर पडला की फोन अचानक बंद पडायचा, तो पडू नये म्हणून स्पीड कमी केला. पण लोकांना वाटलं फोनच जुना झाला, आणि बॅटरी बदलून भागलं असतं तिथे किती जणांनी नवा फोन घेतला असेल. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड केला तो ग्राहकांना सांगितलं नाही याच मुद्द्यावर. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याला नुसतं सांगितलं असतं तरी अर्धे निर्णय आपण वेगळे घेतले असते.

प्रिंटरवरून एक जुनी गोष्ट. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा नवीन लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथल्या लोकांनी स्वतः बदल करून ठेवला होता, कागद अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्यांना मेसेज जायचा. नवीन प्रिंटरमध्ये तो बदल करता येईना कारण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, दिलेलाच नव्हता. रिचर्ड स्टॉलमन म्हणून तिथला प्रोग्रॅमर, तो दुसऱ्या विद्यापीठातल्या एका माणसाकडे कोड मागायला गेला तर त्याने गुप्ततेच्या करारावर सही केल्याचं सांगून नकार दिला. हाच स्टॉलमन, ज्याने १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि फ्री सॉफ्टवेअरची, म्हणजे कुणालाही कोड बघता आणि बदलता येईल अशा सॉफ्टवेअरची, चळवळ उभी केली. आज कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स म्हणून जे सॉफ्टवेअर आहे त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. झेरॉक्सवाल्याला हे वाचून काय वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता, अडकलेल्या कागदाचा त्रास मला रोजचा आहे.

रिफिलवाल्यांना कंपन्या चोर समजतात, त्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात लेक्समार्क या प्रिंटर कंपनीचा दावा गेला होता. एकदाच वापरायचं, भरायचं नाही अशी अट घालून त्यांनी कार्ट्रिज स्वस्तात विकली आणि मग ती भरून विकणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला. मे २०१७ मध्ये निकाल आला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, अट काहीही घातलेली असो. म्हणजे मी वर बैलाचं उदाहरण दिलं तेच. हा निकाल आपल्याकडे लागू नाही पण विचार बघा. दुसरी गोष्ट, आज दुकानादुकानात जे इंक टँकवाले प्रिंटर दिसतात ते कुठून आले? इंडोनेशियासारख्या देशांत लोक साध्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून वापरत होते, ते बघून एप्सन या प्रिंटर कंपनीने २०१० मध्ये तिथेच पहिल्यांदा कंपनीचा टँकवाला प्रिंटर काढला. रिफिल करणाऱ्या माणसांनी वाट दाखवली आणि कंपनी त्या वाटेने गेली. आमच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते हसले आणि चिप बदलत राहिले.

आता कायदा. तुमच्यासाठी कामाचा भाग हा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू. त्यात सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हे तर आहेच, शिवाय अन्याय्य करार ही कल्पना नव्याने आली, म्हणजे ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट करारात असली तर तिला आव्हान देता येतं. फक्त अन्याय्य करार म्हणून जायचं असेल तर राज्य ग्राहक आयोगाकडे जावं लागतं, बाकी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. त्यामुळे कस्टमर केअर "अटींमध्ये लिहिलंय" म्हणालं तर तिथे विषय संपला असं समजू नका. दुकानदार मंडळींसाठी पण सांगतो, धंद्यासाठी वस्तू घेतली तर ग्राहक धरत नाहीत असं मला पण सांगितलं होतं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच आहात, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे.

युरोपात डिजिटल सेवांबाबत याहून स्पष्ट नियम आहे, जानेवारी २०२२ पासून. मधेच बदल करायचा तर करारात तसं वैध कारण हवं, ग्राहकाला जादा खर्च पडता कामा नये, आधी नीट कळवायला हवं, आणि बदलाने चांगलंच नुकसान होत असेल तर ग्राहकाला करार मोडता येतो. आपल्याकडे असं थेट लिहिलेलं कलम हवं असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे हालचाल नाहीच असं पण नाही, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं (वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं) पोर्टल काढलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नवर नियमावली आली ज्यात ग्राहकाला फसवायचे तेरा प्रकार दिलेत. त्याही आधी २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता, कशाबद्दल तर बाहेरच्या गॅरेजना स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं मिळू देत नाहीत म्हणून. पुढे ते अपिलात गेलं, पण आपल्या देशात हा विचार दहा वर्षांपूर्वीच लेखी आलेला आहे.

तुम्ही आत्ता काय करायचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअर व्हर्जनचा फोटो काढा, जाहिरातींचा फोटो काढा, आणि टीव्ही घेतला तेव्हाची जाहिरात किंवा खोक्यावर त्या ऍपचं चिन्ह छापलेलं असेल तर त्याचा फोटो आधी काढा, तो सगळ्यात मोठा पुरावा. खोकं माळ्यावर असेल तर रद्दीत देऊ नका. मग कंपनीला मेल, फोन नको, मेलच, की अमुक तारखेच्या अपडेटने अमुक सुविधा गेली, ती परत द्या नाहीतर पैसे परत द्या, पंधरा दिवसांची मुदत. त्याची प्रत दुकानदाराला. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार, मराठीत बोलता येतं. आणि तिथेही फुकटची एखादी वस्तू देऊन मिटवायला बघतील, माझ्यासारखं लगेच हो म्हणू नका.

त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. वेळ लागतो, तारखा पडतात, ते खोटं सांगणार नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं असते आणि कारण घडलं तेव्हापासून ती मोजतात, म्हणून टीव्ही घेतल्याच्या बिलाबरोबर अपडेट झाला ती तारीख पण आजच कुठेतरी लिहून ठेवा, मेल करताना पहिल्याच ओळीत ती लागेल.