फिलिप्पैची ती सकाळ

प्रिय मुला,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रात्रभर कोठडीत ठेवून तुला सकाळी सोडून दिले आणि आता घरची मंडळी 'सुटलास ना, मग क्षमा कर आणि विषय सोड' असे म्हणत आहेत, हे वाचून मी बायबलातील 'प्रेषितांची कृत्ये' मधील 16वा अध्याय पुन्हा सावकाश वाचला.

फिलिप्पै ही मासेदोनियातील रोमन वसाहत. भविष्य सांगणाऱ्या दासीतला आत्मा प्रेषित पौलाने घालवला आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली. पण पौल व त्याचा सोबती सीला यांना चौकात अधिकाऱ्यांपुढे ओढून नेल्यावर त्या धन्यांनी कमाईचे नावही काढले नाही. 'हे यहूदी आहेत, रोमी लोकांना न चालणाऱ्या रीती शिकवतात' एवढे म्हणणे जमावाला पुरले. चौकशी न करताच त्या दोघांना छड्या बसल्या आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले.

आपल्याकडे उपदेश बहुधा मध्यरात्रीची गीते आणि भूकंप इथेच थांबतो. मला मात्र त्यानंतरचा बंदिशाळेचा नायक दिसत राहतो. कैदी पळाले असे समजून तो तलवारीने जीव द्यायला निघाला, तेव्हा पौलानेच ओरडून त्याला थांबवले. मग त्याच रात्री त्या नायकाने पौल व सीला यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले. क्षमा ती हीच, आणि ती रात्रीच झाली होती.

तरीही सकाळी अधिकाऱ्यांचे चोपदार सुटकेचा निरोप घेऊन आले, तेव्हा पौल हलला नाही. आम्ही रोमी नागरिक असता दोषी ठरवल्यावाचून आम्हांला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने सुनावले. कोणाला शिक्षा व्हावी असे तो म्हणाला नाही. अधिकारी घाबरून आले आणि त्यांनी विनवणी केली. तिथून पौल लुदिया या तिथल्याच नव्या विश्वासणाऱ्या बाईच्या घरी गेला, आणि माझ्या मते हट्टाचे कारण त्याच घरात होते: तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना त्याच गावात राहायचे होते, आणि पौल मुकाट्याने निघून गेला असता तर गुन्हेगारांचे सोबती हा शिक्का त्यांच्यावर राहिला असता.

तुलाही त्याच वस्तीत राहायचे आहे, तुझ्या धाकट्या भावालाही. म्हणून तक्रार अर्ज लिही. अटकेचे कारण सांगितले होते की नाही हे स्पष्ट नोंदव, कारण राज्यघटनेच्या 22व्या कलमाने तो तुझा हक्क आहे. मसुदा रविवारी उपासनेनंतर घेऊन ये. आणि ज्या शिपायाने तुला पहाटे पाणी दिले, त्याचाही उल्लेख त्यात असू दे.